बिडीचा दोरा

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यांची रांग संपते तिथं
राजन्नामामाची फियाट बंद पडली नाही,
मामानंच थांबवली.
वास येत होता.
आधी आम्ही तो पुढच्या टँकरवर ढकलला.
मग टँकर निघून गेला
आणि वास आमच्यातच बसून राहिला.

मालकानं शेड बंद करताना
सव्वीस वर्षांच्या हिशोबात दिलेली ही गाडी.
होटगी रोडला कुणी बिराजदार वाट बघत होते,
बत्तीस हजार, तोंडी.

एप्रिलचे अडीच. डांबर चपला धरून ठेवत होतं.
मी सगळ्यात बारीक, म्हणून खाली मी.
टाकीपासून येणारी नळी, पुढच्या चाकामागं रबराचा जोड,
क्लिपच्या अलीकडं केसाएवढी चीर,
चिरेच्या टोकाला थेंब,
पडू की नको करत.
पडला. कपाळावर.
त्या उन्हात तेवढंच काय ते गार.

दस्तगीर मिस्त्रीनं जुम्म्याहून आल्यावर फोन उचलला.
"आधी बॅटरीची वायर काढा. इंजिन निवू द्या.
साबण बघा कुठं मिळतोय. अंगाचा नको, कपड्याचा.
पेट्रोल रबराला खातंय, ग्रीसला खातंय,
साबणाला खात नाही.
चिरेत मळून भरा. वर चिंधी, चिंधीवर सायकलची ट्यूब ताणून.
आणि बांधायला दोरा, बारीक पण चिवट.
आजच्यापुरतं हां मामा, उद्या पाइप बदला."
मामा म्हणाला, आजच्यापुरतंच पायजे.

साबण पंक्चरवाल्याकडं निघाला, ट्यूबची पट्टीही.
चिंधी म्हणजे मामाचा रुमाल.
दोरा मिळेना.
चारी बाजूंना माग खडखडत होते
आणि एक हात सूत मागायला
मामा कुठल्याच फाटकात जाईना.

मागच्या सीटवर नागमणी अत्ता.
हजार पुरे व्हायचे होते, म्हणून सूप मांडीवर घेऊनच निघालेली.
पानं झाकली, तंबाखू झाकली,
दोऱ्याचं रीळ दातात धरलं,
पदर खोचला आणि आली रस्त्यावर आडवी, माझ्या शेजारी.
बिडीला दोन वेढे, नखाचा दाब, तोड,
हे मी जन्मापासून बघतोय.
इथं ती तोडेचना.
वेढ्याला वेढा चिकटून, मधून सुईसुद्धा जाऊ नये असा,
साबण कडेनं फुगून आला, तो अंगठ्यानं परत आत.
वर मामानं सवयीनं खिशात हात घातला.
ही खालूनच, न बघता: "लोपल पेट्टु."
काडेपेटी लोपल गेली.

गाडी चालू करून पाच मिनिटं बघत बसलो.
थेंब नाही.

बिराजदारांनी टायरला लाथ मारली, दारं उघडली-मिटली,
चहा आला.
"काय काढायचं नाही ओ," मामा म्हणाला,
"बसायचं आन् चालवायचं."
"मग उद्याच लेकीला घेऊन विजापूरला जाऊन येतो."
नोटा मोजत होते, एकोणीस, वीस,
अत्ता म्हणाली, "आधी पाइप बदला.
खाली माझा दोरा हाय."

मामानं बशीतला चहा बशीतच ठेवला.
बिराजदार पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली गेले,
बराच वेळ आले नाहीत.
आले ते हसतच. "बांधलंय झकास की."
आणि दीड हजार कमी मोजले.
पाइप असेल दोनशेचा.

सात रस्त्यापर्यंत बसमध्ये कुणी बोललं नाही.
मग मामा खिडकीकडं तोंड करून,
"दीड हजार."
"दोरा माझा होता," अत्ता म्हणाली,
आणि सुपावरचं फडकं नीट केलं.

शनिवारी चेकरनं तिचे कट्टे नाकाला लावले.
दोनशे बिड्या छाट.
पेट्रोल मारतंय म्हणाला.
घरी येऊन तिनं त्याच उरलेल्या वडीनं हात धुतले,
हुंगले, परत धुतले.
मामानं छाटातली एक उचलली,
उंबऱ्याबाहेर, जरा लांबच जाऊन पेटवली,
दोन झुरके घेतले.
"काय वास येत नाही," म्हणाला.